पगाचं नाक आणि मुंबईची हवा

मोबाइलवर दर दोन-तीन दिवसांनी एक तरी व्हिडिओ येतोच. सोफ्यावर उताणा पडलेला पग ढाराढूर घोरतोय आणि खाली प्रतिक्रियांची रांग: 'किती गोड!', 'अगदी आमच्या बाबांसारखा!' दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत तो जीभ लांब काढून 'हसत' असतो. मला पग आवडतात, तरी हे बघून हसू येत नाही. ते घोरणं म्हणजे अडलेल्या श्वासाचा आवाज असतो आणि ते हसू म्हणजे अंग निववायची धडपड.

आपल्याकडे पग घराघरांत माहीत झाला तो २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीने (पुढे तिचंच व्होडाफोन झालं) केलेल्या जाहिरातीमुळे. एका मुलाच्या मागे मागे जाणारं ते सुरकुतल्या तोंडाचं कुत्रं लोकांना इतकं भावलं, की आजही कित्येक जण त्याला 'हचचा कुत्रा' किंवा 'व्होडाफोनचा कुत्रा'च म्हणतात. जाहिरातीने स्वभाव मात्र बरोबर पकडला होता. पग राखणीचा नाही, शिकारीचा नाही. चिनी राजवाड्यांमध्ये तो माणसाच्या मांडीवर बसायलाच पैदा केला गेला. तिथून डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो युरोपात गेला आणि १६८९ मध्ये ऑरेंजचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला तेव्हा लंडनच्या बड्या घरांत शिरला. आजही तो तसाच आहे. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये गेलात की दाराबाहेर. पोरांशी प्रेमळ, खाण्याच्या बाबतीत अधाशी, शिकवायला गेलात तर हट्टी आणि एकटं ठेवलं की कासावीस.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४५ मध्ये स्वतःचं एक चित्र काढलं. त्यात पुढ्यात बसलाय त्याचा लाडका पग, नाव ट्रम्प. हे चित्र जरूर शोधून बघा. कुत्र्याला चक्क नाक आहे! थोडं आखूड, पण पुढे आलेलं, नीट कळणारं. पुढे एकोणिसाव्या शतकात श्वानप्रदर्शनांची टूम निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जास्तीत जास्त चपटं तोंड निवडलं गेलं. 'जितकं चपटं, तितका अस्सल' हे आज विक्रेते जे छातीठोकपणे सांगतात, त्यातला अस्सलपणा एवढाच.

चेहऱ्याचं हाड आखूड झालं, पण आतला ऐवज त्या प्रमाणात घटला नाही. जीभ मोठीच राहिली. मऊ टाळू, म्हणजे टाळूचा मागचा लोंबता भाग, लांबच राहिला आणि स्वरयंत्राच्या तोंडावर येऊन पडू लागला. नाकपुड्या फटीएवढ्या झाल्या. नाकात कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांना जागा उरली नाही. पगात त्या कधी कधी मागे घशाच्या बाजूला वाढलेल्या सापडतात.

या गुंडाळ्यांवर माझा विशेष जीव आहे, कारण कुत्र्याचं कूलिंग तिथे होतं. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना आणि त्याने काही भागत नाही. त्याची भिस्त धापांवर. गुंडाळ्यांवरच्या ओल्या अस्तरावरून हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि प्रत्येक ग्रॅम पाणी साधारण २४०० जूल उष्णता घेऊन जातं. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. १९७० मध्ये प्राण्यांच्या शरीरक्रियांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उन्हाने तापलेला कुत्रा हवा नाकाने घेतो आणि बरीचशी तोंडाने सोडतो. असं का? हवा नाकातूनच परत गेली तर नुकत्याच गार झालेल्या अस्तरावर ती स्वतः थंड होते, बाष्प तिथेच सोडते आणि दवडायची उष्णता पुन्हा कुत्र्याच्या पदरात पडते. थंडीत ही काटकसर चांगली, मे महिन्यात घातक.

आता धापांचा वेग. कुत्रा मिनिटाला तीनशेच्या आसपास धापा टाकतो, तरी दमत का नाही? छाती आणि फुप्फुसं यांची मिळून एक नैसर्गिक कंपनसंख्या असते आणि कुत्रा नेमका तिच्या जवळपास धापतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटाने ढकललं तरी तो झुलत राहतो, तसं. भौतिकशास्त्रात याला संस्पंदन म्हणतात. पण वाटेत अडथळा आला की लय मोडते आणि प्रत्येक धाप स्नायूंच्या जोरावर ओढावी लागते. अडथळा किती? नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. हे झालं संथ प्रवाहाचं. भोवरे उठले तर त्याहून वाईट. जोरात ओढल्यामुळे घशात दाब आणखी घटतो, मऊ टाळू आत खेचला जातो, सुजतो, वाट आणखी अरुंद होते. शिवाय कष्ट करणारे स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात. म्हणजे गार व्हायला धापायचं आणि धापून तापायचं.

थोडं गणित करतो, कंटाळा असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. कुत्र्याच्या अंगाच्या तापमानाला, ३८.५ अंशांना, संपृक्त हवेत, म्हणजे बाष्पाने काठोकाठ भरलेल्या हवेत, घनमीटरमागे सुमारे ४७ ग्रॅम बाष्प मावतं. मुंबईत मे महिन्यात ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली, तर आत येणाऱ्या हवेत आधीच २८ ग्रॅम असतं. उरली जागा १९ ग्रॅमची. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के धरा: हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम, जागा ३७-३८ ग्रॅमची. सात किलोचा पग नुसता बसून साधारण १५ वॉट उष्णता तयार करतो. ती सगळी वाफेवाटे घालवायची तर नागपुरात मिनिटाला दहा लिटर हवा पुरेल, मुंबईत वीस लागेल. नागपुरात वरून झळाही अंगाला लागतात, त्यामुळे तो सुखात असतो असं नाही. पण 'आमच्याकडे कुठे चाळीस अंश होतात?' असं म्हणून दादर-ठाण्यात दुपारी पगाला फिरवणाऱ्यांनी हा हिशेब बघावा. तापमापकाइतकीच आर्द्रता महत्त्वाची.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, चपट्या तोंडामुळे श्वासमार्ग अडण्याच्या विकाराची शक्यता पगात इतर कुत्र्यांच्या सुमारे ५४ पट निघाली.

आणि पगाला ऊन लागू नये म्हणून कृपा करून कांदा नको. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत माणसांपुरती निरुपद्रवी आहे. तोच कांदा ठेचून कुत्र्याला चाटवला, तर त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, सुकवलेला, सगळा सारखाच. पग अडखळू लागला, जीभ-हिरड्या गडद लाल किंवा निळसर दिसू लागल्या, तर नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि मग डॉक्टरकडे न्या. आधी गार करायचं, मग न्यायचं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, वाफ आतच अडकते.

बाकी निगा फार अवघड नाही. वजन सहा ते आठ किलोंत ठेवा. गळ्याभोवतीची चरबी श्वासाची वाट आणखी दाबते, म्हणून 'खातोय तर खाऊ दे' हे लाड नकोत. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. नाकावरची घडी रोज पुसून कोरडी करा, नाहीतर तिथे वास मारतो आणि कातडी सोलते. डोळे बटबटीत असल्याने लवकर खरचटतात; एक डोळा मिटून बसला तर उद्यावर ढकलू नका. केस मात्र गळणारच, त्याला इलाज नाही. धाप फारच असेल, तर शस्त्रक्रियेने नाकपुड्या रुंद आणि टाळू आखूड करता येतो.

पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याचे आई-बाप बघायला मागा. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) २०१९ मध्ये आणलेल्या तपासणीत कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि मग स्टेथोस्कोपने घसा ऐकतात. स्टेथोस्कोप नसला तरी घरघर साध्या कानालाही बरीचशी कळते. पळवायचं ते सकाळी गारव्यात. दुपारी मुंबईत चांगल्या नाकाचा कुत्राही धापतोच, फरक कळणार नाही.