किट कार: घरी बांधलेली रेप्लिका स्पोर्ट्स कार

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन मालकाने स्वतःच गॅरेजमध्ये जोडलेली गाडी. रेप्लिका असेल तर बाहेरचं रूप एखाद्या जुन्या नामांकित स्पोर्ट्स कारचं असतं आणि आत इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल बहुतेक वेळा भलत्याच गाडीचे, ज्या गाडीतून ते काढतात तिला डोनर म्हणतात. जुनी गाडी रिस्टोअर करणं त्यामानाने सोपं म्हणायचं, तिथे भाग निदान एकमेकांसाठी बनलेले असतात.

हा प्रकार फोफावला ब्रिटनमध्ये आणि त्यामागे चक्क टॅक्स होता. तिथे तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, किटला तो चुकवता यायचा, त्यामुळे कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ साली आणलेली सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार लोकांनी सुट्या भागांत घरी नेली आणि स्वतः जोडली. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ते ती आजही किटमध्ये विकतात, म्हणजे टॅक्स गेला तरी नाद काही गेला नाही. अमेरिकेत हा नाद वाढवला तो फोक्सवॅगन बीटलने. तिची बॉडी बोल्ट काढून वर उचलली की खाली इंजिन आणि चाकांसकट पूर्ण फ्लोअरपॅन, म्हणजे गाडीचा तळ, उरतो, त्यावर फायबरग्लासची नवी बॉडी बसवायची की झालं. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या बऱ्याचशा रेप्लिका अशाच बनल्या, आणि मूळ ३५६ चं बीटलशी जवळचं नातं असल्यामुळे मागचं एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, इंजिन तिथे शोभतंही.

पण सगळ्यात जास्त नक्कल झाली ती कोब्राची. १९६२ मध्ये अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने ब्रिटिश एसी कंपनीच्या ‘एस’ (Ace) या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन टाकून ती केली, १९६५ मध्ये चाकांवरच्या रुंद कमानींची ‘४२७’ ही कोब्रा आली. मूळ गाड्या जेमतेम हजारेक, किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, मग रेप्लिकांचा पूर आला नसता तरच नवल. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीने फोर्ड मस्टँग डोनर धरून किट काढलं आणि ते चांगलंच चाललं.

लोकांना वाटतं इंजिन बसवणं म्हणजे मोठं दिव्य. खरं तर ते हॉइस्टला, म्हणजे वजन उचलायच्या यंत्राला, लटकवून एका दुपारी खाली उतरतं. वेळ खातात ती कंटाळवाणी कामं. आधी खोकी उघडून यादीप्रमाणे एकेक नटबोल्ट मोजायचा, कमी असेल ते तेव्हाच मागवायचं, मग चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी, स्टिअरिंग. शहाणे लोक बॉडी चढवायच्या आधीच नुसता सांगाडा रहदारी नसलेल्या जागेत हळूहळू चालवून बघतात, याला गो-कार्ट स्टेज म्हणतात, गळती, ब्रेकमधली हवा, स्टिअरिंगचा अडकाव सगळं तिथेच कळतं आणि हात घालायला जागाही असते.

वायरिंगमध्ये नवखे हमखास फसतात ते अर्थिंगला, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेला. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, फायबरग्लासमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी ओढून चॅसीपर्यंत न्यावी लागते. ती नीट नसली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो आणि माणूस बिचारा फ्यूज बदलत बसतो.

बॉडी तर संयमाची परीक्षाच. साच्याच्या जोडाच्या रेघा घासून काढायच्या, मग दारं. दार लावायचं, फट बघायची, वर तीन आणि खाली सात मिलिमीटर दिसते, काढायचं, कडेला भर द्यायची, पॉलिश पेपरने घासायचं, परत लावायचं, आणि यात दाराच्या कडेची रबर पट्टी (बीडिंग) आधी बसवली नसेल तर रंग झाल्यावर तेच रबर दाराला बाहेर ढकलतं आणि सगळी मेहनत पाण्यात. बजेट फुगतं तेही इथेच, रंगकामात. किटच्या जाहिरातीतल्या किमतीत इंजिन, टायर आणि रंग बहुधा नसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कायदा देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये २००९ पासून आयव्हीए नावाची तपासणी आहे, त्यात ब्रेक, दिवे, धूर यांच्याबरोबर बाहेरच्या कडा पुरेशा गोल आहेत का हेही बघतात. गाडीचं वय किंवा मूळ सिद्ध झालं नाही तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो, आणि तो विकताना आडवा येतो. अमेरिकेत नोंदणी राज्यागणिक बदलते. आकाराच्या हक्कांचा प्रश्न वेगळाच, १९९१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने फेरारीसारख्या दिसणाऱ्या गाड्या बनवणाऱ्याविरुद्ध फेरारीच्या बाजूने निकाल दिला होता.

चालवायला या गाड्या हलक्या आणि चपळ, पण एअरबॅग आणि एबीएस बहुतेकींत नसतं, चूक झाली तर सावरून घेणारं कोणी नाही. कोब्राच्या रेप्लिकेत बाजूने जाणारा एक्झॉस्ट पाइप तापलेला असतो, उतरताना पोटरी भाजून घेणारे तर कितीतरी, त्यामुळे जुने मालक नव्या पाहुण्याला बसवतानाच पाय कुठून काढायचा ते सांगून ठेवतात.