'बिवेअर'ला 'एस' का लागत नाही?

'ही', 'शी', 'इट' आले की साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' लावायचा, हा नियम आपण शाळेत घोकतो. 'बिवेअर' मात्र त्यात बसत नाही. 'बिवेअर ऑफ डॉग्ज' ही पाटी ओळखीची असते, पण 'ही बिवेअर्स ऑफ डॉग्ज' म्हटले की कानाला खटकते. विद्यार्थ्याने कारण विचारले, तर बहुतेक वेळा 'अपवाद आहे' एवढेच उत्तर मिळते. ते अपुरे आहे, कारण या अपवादामागे खरोखर एक कारण आहे.

'वेअर' हे जुन्या इंग्रजीतले विशेषण. अर्थ सावध, जागरूक. आजचे 'अवेअर' आणि 'वेअरी' हे शब्द त्याच कुळातले. 'बी वेअर' म्हणजे 'सावध अस'. हे दोन सुटे शब्द होते आणि त्यांतले क्रियापद होते 'बी'. साहजिकच काळ आणि पुरुष बदलला की रूप बदलायचे ते 'बी'चे: 'ही इज वेअर', 'दे वेअर वेअर' (यातला पहिला 'वेअर' हे 'बी'चे भूतकाळी रूप). १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा टप्पा अजून दिसतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात 'दे वेअर वेअर ऑफ इट' असे आहे, म्हणजे त्यांना ते कळले होते. त्याच बायबलमध्ये मत्तयाच्या सातव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहण्याची आज्ञा येते, तिथे मात्र जोडलेले 'बिवेअर' आहे.

हे शब्द कुठे जोडले गेले, यातच सगळे उत्तर आहे. जिथे 'बी' जसाच्या तसा राहतो, तिथेच तो 'वेअर'ला चिकटला: आज्ञेत, 'टू'नंतर, आणि 'मस्ट', 'शुड', 'विल' यांच्यानंतर. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला भविष्यवेत्ता 'बिवेअर द आइड्ज ऑफ मार्च' (१५ मार्चपासून सावध राहा) म्हणतो, ती आज्ञाच आहे. 'इज', 'वॉज' असलेल्या जागी जोडणीचा प्रश्नच नव्हता. पुढे सुटे 'वेअर' मागे पडले आणि त्या जागा 'अवेअर' व 'वेअरी' यांनी घेतल्या. सतराव्या शतकात काही लेखकांनी 'बिवेअर'ला इतर क्रियापदांसारखे प्रत्यय लावून पाहिले, पण ती रूपे रुजली नाहीत.

आणि हा 'एस' तरी सर्वत्र कुठे होता? दक्षिण इंग्लंडमध्ये 'एथ' होते: 'टेकेथ', 'गिवेथ'. 'एस'ची रूपे उत्तरेकडची. लिंडिसफार्न या उत्तरेकडच्या बेटावरील लॅटिन शुभवर्तमानांच्या ओळींमध्ये दहाव्या शतकात लिहिलेल्या नॉर्थंब्रियन, म्हणजे उत्तरेच्या बोलीतल्या, भाषांतरात ती सापडतात. ती हळूहळू लंडनपर्यंत उतरली. १६४३मध्ये इंग्रजी शुद्धलेखनावर लिहिणारे रिचर्ड हॉजेस यांनी नोंदवले की लोक 'लीडेथ', 'टेकेथ' असे लिहितात, पण उच्चारतात 'लीड्स', 'टेक्स'. शाळेत अचल वाटणारा नियम असा बोलींच्या चढाओढीतून आला आहे. मुलांना हे जरूर सांगावे, असे मला मनापासून वाटते.

'कॅन', 'मे', 'शॅल' यांनाही 'एस' लागत नाही, पण त्याचे कारण निराळे. त्यांची आजची वर्तमानकाळी रूपे मुळात भूतकाळाच्या घडणीची आहेत, आणि भूतकाळात तृतीय पुरुषी एकवचनाला हा प्रत्यय नव्हताच.

मराठी माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. 'पाहिजे', 'नको', 'नये' ही आपल्या व्याकरणातली गौण क्रियापदे. तीही सगळ्या काळांत चालत नाहीत. 'पाहिजे' हे 'पाहणे'च्या जुन्या कर्मणी वर्तमानकाळाचे रूप. भूतकाळ हवा असेल तर आपण 'पाहिजे होते' म्हणतो, म्हणजे शेजारी दुसरे क्रियापद उभे करतो. 'बिवेअर'चेही तसेच करावे: 'ही मस्ट बिवेअर', 'शी शुड बिवेअर'. आणि साधा वर्तमानकाळच हवा असेल, तर 'ही इज वेअरी ऑफ डॉग्ज' म्हणावे. त्यातला 'इज' पूर्वी 'वेअर'च्या आधी जिथे होता, तिथेच आहे.