राष्ट्रीय बँक नोटा, अमेरिकेच्या : संग्रह व मूल्यनिर्धारण

अमेरिकी संघराज्याची सनद मिळालेल्या खाजगी बँकांनी १८६३ ते १९३५ या काळात आपापल्या नावाने चालवलेले कागदी चलन. यादवी युद्धाच्या खर्चासाठी सरकारी रोखे खपावेत, हा या नोटांना वाट करून देणाऱ्या मूळ कायद्याचा एक हेतू. बँकेने रोखे ट्रेझरीकडे (सरकारी खजिन्याकडे) ठेवायचे आणि त्यांच्या नव्वद टक्क्यांपर्यंत (१९०० पासून पूर्ण दर्शनी किमतीच्या) नोटा घ्यायच्या. भारतात मात्र याच सुमारास, १८६१ च्या कायद्याने, बँक ऑफ बॉम्बेसह प्रेसिडेन्सी बँकांचा नोटा काढण्याचा हक्क गेला.

जुन्या सूच्यांत या नोटांचे पहिला, दुसरा व तिसरा ‘सनदकाल’ असे भाग पाडतात. ही विभागणी सोयीची असली तरी फसवी आहे. सनदेची मुदत वीस वर्षांची असे व ती वाढवून घेतल्यावरच बँकेला पुढच्या मालिकेच्या नोटा मिळत. त्यामुळे १८८१ ची बँक १९०१ पर्यंत ‘पहिल्या’ काळाच्याच नोटा देत राहिली. १८८३ च्या बँकेने सुरुवातच तपकिरी पाठीच्या १८८२ मालिकेने केली. ‘मूळ’ (सर्वांत पहिली), १८७५, १८८२, १९०२ व १९२९ या मालिकांनुसार वर्गवारी करणे अधिक ग्राह्य वाटते. नोटेवरची तारीखही छपाईची नसते.

भाव ठरतो तो मुख्यतः बँकेवरून. न्यूयॉर्क-शिकागोच्या मोठ्या बँकांची १९०२ मालिकेतली दहा डॉलरची नोट सहज मिळते; तशीच नोट आडगावच्या बँकेची, ज्ञात प्रती दोन-तीनच असलेली निघाली, तर किंमत कितीतरी पट होते. या प्रतींची गणना संग्राहकांनीच जुळवलेली असल्याने घरच्या पेटीतून एखादा गठ्ठा निघाला की भाव उतरतात.

मोठ्या आकाराच्या (१९२९ मालिकेआधीच्या) नोटा बँकेत अखंड तावांत येत. अध्यक्ष व कॅशियर सह्या करत किंवा शिक्के मारत, मग ताव कापला जाई. म्हणून वाकडी कड फारसा दोष मानली जात नाही. पुसट सही नव्या शाईने गिरवलेली असेल तर मात्र किंमत घटते. धुऊन-दाबून ‘सुधारलेल्या’ नोटांचेही तेच. आडव्या पडलेल्या मोठ्या आकड्याची दोन डॉलरची नोट (‘लेझी ड्यूस’) भाव बँकेवरून ठरतो या नियमाला काहीशी अपवाद. ती कुठल्याही बँकेची असली तरी महागच.

१९२९ च्या लहान नोटांच्या पहिल्या प्रकारात तावावरील सहाही नोटांना एकच क्रमांक असतो, फक्त आद्याक्षर ए ते एफ बदलते. डाकोटा, हवाई इत्यादी टेरिटरींच्या (अद्याप राज्य न झालेल्या प्रदेशांच्या) नोटांना वेगळी मागणी आहे.