उशिराची पिल्लं म्हणजे दुसरी वीण नव्हे

युरोप-अमेरिकेत ऐन उन्हाळ्याच्या शेवटी फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला, जमिनीवर घरटं करणारा रानपक्षी) मादीमागे मुठीएवढी पिल्लं धावताना दिसली की, ‘यंदा दोनदा वीण झाली, पक्षी भरपूर होणार’ असं हमखास म्हटलं जातं. हा समज चुकीचा आहे.

फेझंटची मादी साधारणपणे वर्षाला पिल्लांची एकच खेप वाढवते. उशिरा पिल्लं दिसतात, कारण तिचं आधीचं घरटं गेलेलं असतं. कधी कोल्हा अंडी खातो, कधी गवतावर कापणीचं यंत्र फिरतं. मग ती दुसरीकडे गवतात खळगा करून नव्याने अंडी घालते आणि पुन्हा सुमारे 23 दिवस बसते. पहिल्या वेळी 10-12 अंडी असतील, तर या वेळी कमी. म्हणजे ही वाढीव कमाई नव्हे, नुकसानीची अर्धीमुर्धी भरपाई आहे. (बॉबव्हाइट या अमेरिकी लाव्यांत मात्र एका हंगामात खरोखर दोन खेपा होऊ शकतात, कधी नरही अंडी उबवतो.)

वसंतातला थंड पाऊस इथे फार महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. ती भिजली की ऊब टिकत नाही. पिल्लू आईच्या पंखाखाली शिरून बसतं, आणि तेवढा वेळ किडे टिपायचे राहतात. या वयात त्याचं मुख्य अन्न किडेच. अशी सलग थंडी-पावसाची झड घरटं मोडत नाही, पण बाहेर पडलेली पिल्लं संपवते. आणि पिल्लं गेल्यावर मादी पुन्हा अंडी घालेलच, याचा भरवसा नसतो.