तांब्याच्या नॅनोतारा: मोजमाप करण्यापूर्वी हे वाचा

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी आम्ही तांब्याच्या नॅनोतारा वाढवून देतो. आम्हाला सर्वात जास्त फोन येतात ते एकाच शंकेचे: "रोध हिशेबापेक्षा फार जास्त येतोय, नमुना खराब आहे का?" बहुतेक वेळा नमुना चांगला असतो. हे पत्रक त्याच शंकेसाठी लिहिलं आहे.

तारा कशा वाढतात

कुल्फीच्या साच्यासारखाच प्रकार. आमचा साचा म्हणजे ६ मायक्रोमीटर जाडीचा पॉलिकार्बोनेटचा पडदा, त्यात १०० नॅनोमीटर व्यासाची आरपार भोकं. जड आयनांचा मारा करून पडद्यात सरळ माग उमटवतात आणि कॉस्टिकच्या द्रावणात ते कोरून रुंद करतात. एका बाजूला सोन्याचा थर चढवला की तो झाला ऋणाग्र. मग मोरचूद आणि थोडं गंधकाम्ल असलेल्या द्रावणात वीज सोडली, की तांबं भोकाच्या तळापासून वर साचत जातं.

या वेळी आमची नजर आलेखावर असते. धारा आधी झपकन उतरते, मग बराच वेळ जवळजवळ सपाट राहते आणि अचानक वर चढू लागते. म्हणजे तारा तोंडाशी पोहोचल्या. पुढे तांबं बाहेर येऊन छत्रीसारखं पसरतं. तिथेच आम्ही वीज बंद करतो. तुमच्या पडद्याचा आलेख सोबत जोडला आहे, जपून ठेवा.

नंतर डायक्लोरोमिथेनमध्ये पडदा विरघळवून तारा मोकळ्या करतात. हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करा. मोकळ्या तारा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवा आणि लवकर वापरा, कारण तांबं गंजतं.

रोध जास्त का येतो

५ मायक्रोमीटर लांबीच्या एका तारेचा हिशेब करू. २० अंश सेल्सिअसला तांब्याची रोधकता १.६८ मायक्रोओहम-सेंटीमीटर धरली, तर रोध साधारण ११ ओहम येतो. दोनच टोकं लावून मोजलंत, तर मीटर तारेसोबत जोडांचा रोधही दाखवतो, आणि तो तारेपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. म्हणून चार टोकं लावा: बाहेरच्या दोनांतून धारा सोडा, आतल्या दोनांमध्ये विभवांतर मोजा. हिशेबात लांबीही आतल्या दोन टोकांमधलीच घ्या. धारेची दिशा उलटी करून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. तापमानातल्या फरकाने जोडांवर तयार होणारं विभवांतर त्यातून वजा होतं.

एवढं करूनही आकडा थोडा जास्तच येईल, आणि तो खरा आहे. खोलीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन एका टकरीपासून दुसरीपर्यंत सरासरी ४० नॅनोमीटरच्या आसपास जातो. १०० नॅनोमीटरच्या तारेत त्याला भिंती आणि स्फटिककणांच्या सीमाही वरचेवर आडव्या येतात. जमल्यास द्रवरूप नायट्रोजनमध्ये पुन्हा मोजा. रोध उतरेल, पण जाड्या तारेच्या प्रमाणात नाही, कारण अणूंची थरथर कमी झाली तरी भिंती जागच्या जागीच असतात. विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी यापेक्षा सुंदर गोष्ट आमच्या मालात दुसरी नाही.

तार जळू नये म्हणून

१० मायक्रोअँपिअरने सुरुवात करा. ११ ओहमवर विभवांतर जेमतेम ११० मायक्रोव्होल्ट मिळेल, तेव्हा मीटर तेवढा बारीक हवा. १ मिलिअँपिअर सोडलीत, तर दर चौरस सेंटीमीटरला एक कोटी अँपिअरहून जास्त घनता होते. अंगावरच्या स्थिर विजेनेही तार तुटते, म्हणून हाताला अर्थिंगचा पट्टा बांधा. एका कोरड्या हिवाळ्यात पट्टा न बांधता टोकाला हात लावला आणि आठवडाभर खपून जोडलेली तार आमच्याच टेबलावर तुटली. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याच्या डबीत आम्ही एक पट्टा घालतो.