मिडी निर्जीव नसतं, सगळ्या सुरांना १०० दिल्यावर होतं

"मिडी आहे ना, मग खेळण्यासारखंच वाजणार" हे इतक्या वेळा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. मुळात मिडी म्हणजे आवाज नाहीच. वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी जोडता यावेत म्हणून १९८३ मध्ये आलेली ती सूचनांची भाषा आहे. पियानोची मधली सी पट्टी दाबली की तीन आकडे जातात, समजा १४४, ६०, १००. पहिला म्हणतो एक नंबरच्या चॅनेलवर (एका वाद्याच्या सूचना जाण्याची वाट) सूर सुरू कर, दुसरा कुठला सूर ते सांगतो आणि तिसरा म्हणजे व्हेलॉसिटी, सगळी गंमत तिच्यात आहे.

व्हेलॉसिटी म्हणजे व्हॉल्यूम असं बरेच जण धरून चालतात. नावातच वेग आहे की! साध्या कीबोर्डमध्ये पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो मग दुसरा, आणि मधे किती वेळ गेला त्यावरून १ ते १२७ मधला आकडा ठरतो. आता खऱ्या पियानोत काय होतं बघा, हातोडी जोरात आली की तिच्यावरचा नमदा दबून कडक होतो, तारेला कमी वेळ टेकतो, त्यामुळे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर, जास्त उठतात आणि सूर मोठा होतो तसाच उजळही होतो. म्हणून चांगल्या सॅम्पल लायब्ररीत (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) एकाच सुराची हळू, मध्यम, जोरात अशी वेगळी रेकॉर्डिंग असतात. ४० व्हेलॉसिटीने वाजवून फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, कितीही चढवा, मऊ सूरच मोठ्याने ऐकू येईल, ११० चा सूर मिळणार नाही. सहा सुरांच्या ओळीला सरसकट १०० ऐवजी ६२, ७०, ७९, ९१, ८४, ६६ देऊन बघा, ओळ चढून उतरल्यासारखी वाटते.

टायमिंगचंही तसंच. मिनिटाला १२० बीट असा टेम्पो आणि बीटचे ४८० बारीक भाग, म्हणजे टिक, धरले तर एक टिक साधारण एक मिलिसेकंद. संगीताच्या सॉफ्टवेअरमधलं ह्युमनाइझ बटण सूर माणसाने वाजवल्यासारखे वाटावेत म्हणून ते पुढेमागे कुठेही विस्कटतं, पण वाजवणारा माणूस असा रँडम चुकत नाही, तो हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) सतत थोडा मागे ठेवतो, तोही एकाच बाजूला.

आणि वाद्यं ज्या ए सुरावर जुळवतात तो ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला लावला की संगीतात जीव येतो म्हणतात, ते सोडून द्या. सगळे सूर एकसारखे सुमारे ३२ सेंट (लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली येतात, ओळ होती तशीच राहते.

व्हायोलिन-बासरीला मात्र व्हेलॉसिटी पुरत नाही, कारण सूर सुरू झाल्यावरही तो बदलत असतो. तिथे सूर चालू असताना आवाज चढवा-उतरवायला ११ नंबरचा कंट्रोलर म्हणजे एक्स्प्रेशन, आणि मींडेसाठी सूर वर-खाली सरकवणारा पिच बेंड, ज्याला १६३८४ पायऱ्या आहेत. फक्त पिच बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, दोन सूर चालू असतील तर दोन्ही घसरतात, म्हणून २०१८ मध्ये आलेल्या एमपीईत (मिडीतच घातलेली भर) प्रत्येक सुराला स्वतःचं चॅनेल मिळतं. बासरीची ओळ लिहिताना ती तोंडाने गुणगुणा, जिथे श्वास घ्यावा लागेल त्याच्या आधीचा सूर ६०-७० टिक लवकर सोडा आणि एक्स्प्रेशनही तिथे खाली आणा.