फिन

फिन : एका पेल्यापुरती कॉफी ठिबकवणारी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची व्हिएतनामी गाळणी. तिचे भाग चार : पेल्याच्या काठावर टेकणारी सच्छिद्र बशी, तीवरचे सच्छिद्र तळाचे भांडे, भुकटीवर बसणारी दाबचकती आणि झाकण. दक्षिण भारतीय फिल्टरसारखे अर्क साठवायचे खालचे भांडे हिला नसते. अर्क थेट पेल्यात उतरतो.

नाव व उगम : ‘फिन’ हे फ्रेंच ‘फिल्त्र’ या शब्दाचे रूप होय. व्हिएतनामीत शब्दान्ती ‘ल’ येत नाही, त्याजागी ‘न’ येतो (फ्रेंच ‘आल्कोल’वरून ‘कोन’ म्हणजे स्पिरिट). जोडाक्षरही टिकत नाही. वस्तूच्या वंशाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. एकोणिसाव्या शतकारंभीच्या, द बेलवा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅरिसच्या दोन कप्प्यांच्या कॉफीपात्राकडे काही जण बोट दाखवतात. पण ते पात्र अनेक पेल्यांचे. फ्रेंच कॅफेंत प्रत्येक पेल्यावर ठेवली जाणारी छोटी गाळणी फिनला अधिक जवळची वाटते. व्हिएतनामात कॉफीचे झाड फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७ च्या सुमारास आणले असे सामान्यतः मानतात; व्यापारी मळे त्यानंतरचे.

कृती : भांड्यात २० ते २५ ग्रॅम मध्यम-जाड भुकटी सपाट करून चकती अलगद ठेवतात. सुमारे ९५° से. तापमानाचे २० ते ३० मिलि. पाणी घालून अर्धा मिनिट भुकटी फुगू देतात, मग आणखी ८० मिलि. घालून झाकतात. चार-पाच मिनिटांत थेंब थांबले पाहिजेत. दोन मिनिटांत धार लागली तर दळण जाड किंवा चकती सैल. अर्क पाणचट होतो. थेंबच अडले तर दळण बारीक किंवा चकती घट्ट. ती किंचित सैल करावी. फार वेळ रेंगाळलेला अर्क कडवट होतो.

पेये : मध्यवर्ती पठारावरच्या, विशेषतः दाक लाक प्रांतातल्या रोबस्टा जातीच्या कॉफीचा कडवटपणा झाकायला पेल्याच्या तळाशी दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घालतात. हेच पेय उत्तरेत ‘नाउ’ (तपकिरी), तर दक्षिणेत बर्फासह ‘का फे सुआ दा’. दक्षिणेत कोरी कॉफी मागितली तरी ती अनेकदा साखर घालूनच येते. नको असल्यास आधी सांगावे.

हनोईची अंडा कॉफी न्गुयेन व्हान ज्यांग यांनी १९४६ मध्ये, दुधाच्या टंचाईत, केल्याचे सांगतात. फेटलेला पिवळा बलक कॉफीवर तरंगतो. गार झाल्यास त्याला अंड्याचा वास येतो, म्हणून पेला गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात.